चिकन खारवताना: मीठ किती, वेळ किती, आणि कुठे नकोच

ब्रॉयलरच्या ब्रेस्ट पीसमध्ये चरबी नावापुरती असते. तव्यावर, ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये तो चार-पाच मिनिटं जास्त राहिला की कोरडा पडतो आणि चावताना दोऱ्यांसारखा सुटतो. त्यावर लोणी चोपडून फारसा उपयोग होत नाही, कारण वरून लावलेली चरबी मांसाच्या आत शिरत नाही. आत शिरतं ते मीठ, आणि त्याच्या आधाराने पाणी. शिजवण्याआधी चिकन मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं किंवा नुसतं मीठ चोळून ठेवणं, या दोन्ही पद्धती याच कारणासाठी आहेत.

मांस तापलं की त्यातले तंतू आकसतात आणि स्वतःतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. मिठामुळे त्या तंतूंतली काही प्रथिनं विरघळतात, तंतू सैल होऊन फुगतात आणि तापल्यावर आधीइतके घट्ट आवळत नाहीत. मिठाच्या पाण्यात नीट भिजलेलं चिकन कच्चं असताना स्वतःच्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत पाणी घेऊ शकतं. शिजताना गळती होतेच, पण सुरुवातच जास्त पाण्याने झालेली असल्यामुळे शेवटी ताटात येणारा तुकडा रसाळ राहतो. साध्या पाण्यात कितीही वेळ भिजवलं तरी हे होत नाही. थोडं पाणी आत जातं आणि आचेवर ठेवताच निघून येतं.

रश्शासाठी नको

खारवण्याचा फायदा कोरड्या आचेवर शिजणाऱ्या चिकनला होतो: तंदुरी, टिक्का, रोस्ट, ग्रिल, एअर फ्रायर, तळलेलं चिकन. रस्सा, सुकं किंवा पाणी घालून शिजवायच्या कुठल्याही प्रकारासाठी मिठाचं पाणी तयार करत बसू नये. आपल्याकडे चिकनला हळद, मीठ आणि आलं-लसूण लावून अर्धा-पाऊण तास ठेवायची जी रीत आहे, ती त्यासाठी पुरेशी आहे. फक्त त्या वेळी लावलेलं मीठ नंतर रश्शाच्या मिठातून वजा करायला हवं. बिर्याणीतही तेच. दह्याच्या मसाल्यात मीठ असतंच, त्यामुळे तो मसाला लावून चिकन रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की ते आपोआप खारवलं जातं.

गावरान कोंबडीवरही हा उपाय चालत नाही. ती चिवट असते ती पाणी कमी पडल्यामुळे नाही, तर वय आणि हालचालीमुळे तयार झालेल्या मजबूत संयोजक ऊतींमुळे, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट पदरांमुळे. त्या मिठाने विरघळत नाहीत. त्यांना मंद आच आणि वेळ लागतो, किंवा कुकर.

मीठ मोजायचं ते वजनाने

खारवण्यात सर्वांत जास्त घोळ इथे होतो. इंटरनेटवरच्या अमेरिकी पाककृतींत ‘एक गॅलन पाण्याला एक कप मीठ’ असं माप दिसतं. ते बहुतेक वेळा जाड दाण्याच्या कोशर मिठाचं असतं, आणि त्यातही ब्रँडप्रमाणे फरक पडतो. डायमंड क्रिस्टलचा एक कप साधारण 135 ते 140 ग्रॅम भरतो, तर आपल्याकडच्या बारीक आयोडीनयुक्त मिठाचा कप 280-290 ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे तेच माप बारीक मिठाने घेतलं तर चिकन दुप्पट खारट पाण्यात पडतं. खाणाऱ्याला वाटतं, ही पद्धतच वाईट.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा म्हणजे सुमारे 6 ग्रॅम, आणि 15 मिलीचा मोठा चमचा म्हणजे 17-18 ग्रॅम धरा. चमचा सुरीने सपाट करून घ्या, शीग लावून नको. खड्याचं मीठ चमच्याने मोजूच नये, दाण्याच्या आकाराप्रमाणे वजन बरंच बदलतं. मीठ आयोडीनचं असो, सैंधव असो की समुद्राचं, वजन सारखं असेल तर कामही सारखंच होतं. महागडं मीठ या पाण्यात घालवू नका.

पाण्यातली पद्धत

1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम मीठ, म्हणजे पाच टक्क्यांचं पाणी. 1 किलो तुकड्यांना अरुंद, खोल भांड्यात एवढं पाणी पुरतं. 1200 ग्रॅमच्या अख्ख्या कोंबडीला 2 लिटर पाणी आणि 100 ग्रॅम मीठ घ्यावं. रंग चांगला यावा म्हणून लिटरला 20 ग्रॅम साखर घालता येते, पण निखाऱ्यावर किंवा मोठ्या आचेवर भाजणार असाल तर ती टाळा. बाहेरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं.

मीठ विरघळवायला सगळं पाणी तापवायची गरज नाही. अर्धा लिटर पाण्यात मीठ घालून गरम करा, विरघळलं की गॅस बंद करा आणि त्यात अर्धा किलो बर्फ टाका. बर्फ वितळून लिटरभर पाणी होतं आणि लगेच गारही होतं. कोमट पाण्यात चिकन कधीही घालू नका.

तमालपत्र, मिरी, दालचिनी, लवंग हे सगळं या पाण्यात घालायचा मोह होतो. मिठासारखे हे सुगंध आत खोलवर जात नाहीत, वरच्या थरालाच चिकटतात. हळदीचा तर फक्त रंग चढतो. ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्यांचा थोडाफार वास लागतो, तेवढ्या घाला. बाकीचा मसाला नंतर थेट चिकनला चोळलेला बरा.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकचं असावं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेवर मिठाच्या पाण्याची प्रक्रिया होते, चवीला धातूचा कडवटपणा येतो. तुकडे पाण्यावर तरंगत असतील तर वर छोटी ताटली दाबून ठेवा. वर राहिलेला भाग खारवला जात नाही आणि त्याचा रंगही बदलतो.

भांडं फ्रिजमध्येच हवं. तापमान 4 अंशांच्या आसपास किंवा खाली. पाच टक्के मीठ जंतू मारायला पुरेसं नसतं, हे लोणचं नव्हे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ‘अर्धा तासच तर आहे’ म्हणून ओट्यावर ठेवायचं असेल, तर पाण्यात सतत बर्फ दिसत राहील इतका बर्फ घाला. फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कच्च्या चिकनचं पाणी खालच्या भाजीवर किंवा दुधावर सांडलं की त्रास होतो, आणि ज्या घरात सगळे मांसाहारी नसतात तिथे भांडणही होतं.

पाच टक्क्यांच्या पाण्यासाठी वेळा अशा:

टिक्क्याचे हाड नसलेले तुकडे: 30 ते 40 मिनिटं.
हाड नसलेला ब्रेस्ट पीस (साधारण 200 ग्रॅम): 45 मिनिटं ते 1 तास.
लेग पीस, तंगडी: दीड ते 2 तास.
अख्खी कोंबडी, 1 ते 1.2 किलो: 4 ते 6 तास.

आपल्याकडे नेहमीच्या दुकानात कोंबडी सोलूनच मिळते. त्वचा नसली की मीठ लवकर आत जातं, म्हणून वरच्या वेळा बिनत्वचेच्या चिकनच्या धरल्या आहेत. त्वचेसकट अख्खी कोंबडी असेल तर 8 तासांपर्यंत चालतं.

वेळेकडे लक्ष ठेवणं जमणार नसेल तर दुसरा मार्ग आहे. चिकन आणि पाणी यांचं एकत्र वजन करा आणि त्याच्या सव्वा टक्का मीठ घाला. 1 किलो चिकन, 1 लिटर पाणी, म्हणजे 25 ग्रॅम मीठ. हे पाणी इतकं सौम्य असतं की चिकन 12 ते 24 तास राहिलं तरी प्रमाणाबाहेर खारट होऊच शकत नाही. मीठ दोन्हीकडे सारखं पसरलं की थांबतं. रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी दुपारी भाजणाऱ्यांसाठी हीच पद्धत योग्य.

बाहेर काढल्यावर धुवायची गरज नाही. कच्चं चिकन नळाखाली धुतलं की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर उडतात. आपल्या घरांतून चिकन हळद-मिठाच्या पाण्याने धुवायची सवय पक्की आहे. ती सुटत नसेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन, नळ बंद ठेवून धुवा, आणि ते भिजवण्याआधी. त्या दोन मिनिटांच्या हळद-मिठाने चिकन खारवलं जात नाही, हेही लक्षात असू द्या. वापरलेलं मिठाचं पाणी लगेच ओतून टाका. ते पुन्हा वापरायचं नाही आणि उकळून ग्रेव्हीत घालण्यासारखंही ते नसतं.

मग चिकन टिशूने किंवा स्वच्छ कापडाने नीट टिपा. ही पायरी लोक उरकून टाकतात. ओल्या चिकनवर आच आधी पाणी उडवण्यात खर्च होते, रंग येत नाही, आणि रंग येईपर्यंत वाट पाहिली तर आतलं मांस पुन्हा कोरडं. सगळी मेहनत वाया. त्वचेसकट कोंबडी असेल तर टिपल्यावर जाळीवर, फ्रिजमध्ये उघडी, चार-पाच तास ठेवली तरच त्वचा कुरकुरीत होते.

कोरडी पद्धत

घरच्या स्वयंपाकासाठी बहुतेक वेळा हीच चांगली. मोठं भांडं लागत नाही, फ्रिजमध्ये जागा कमी लागते, आणि चिकनची स्वतःची चव पातळ होत नाही. पाण्यातल्या पद्धतीने मांस रसाळ होतं खरं, पण त्या रसात बराच भाग नुसत्या पाण्याचा असतो.

प्रमाण: 1 किलो चिकनला 10 ते 12 ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे जवळजवळ दोन सपाट चहाचे चमचे. आधी चिकन टिपून घ्या, मग मीठ थोडं उंचावरून, सगळीकडे सारखं पडेल असं भुरभुरा. ब्रेस्टच्या जाड भागावर जास्त, पंखांवर कमी. अख्ख्या कोंबडीत आतल्या पोकळीतही थोडं मीठ जाऊ द्या. त्वचा असेल तर ब्रेस्टवरची त्वचा बोटांनी अलगद सैल करून तिच्या खाली चोळा. त्वचेतून मीठ आत जायला फार वेळ लागतो.

मीठ लावल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात चिकनला पाणी सुटतं. ते बघून घाबरायचं कारण नाही आणि ते ओतून टाकायचंही नाही. त्याच पाण्यात मीठ विरघळतं आणि हळूहळू परत आत शोषलं जातं. या मधल्या काळात चिकन आचेवर ठेवणं मात्र सर्वांत वाईट: वरून ओलं, आतून बेचव. एक तर मीठ लावून लगेच शिजवा, नाही तर किमान दोन तास द्या. टिक्क्याच्या तुकड्यांना दोन तास, लेग पीसना चार ते बारा तास, अख्ख्या कोंबडीला बारा ते चोवीस तास. तुकडे झाकलेल्या डब्यात, अख्खी कोंबडी जाळीवर उघडी.

डोळ्यांदेखत कापलेल्या ताज्या कोंबडीला हा वेळ दुहेरी फळतो. कापल्यानंतर स्नायू ताठरतात, आणि ब्रॉयलरमध्ये तो ताठरपणा उतरायला सुमारे चार ते सहा तास जातात. दुकानातून आणून तासाभरात भाजलेलं चिकन कधी कधी रबरी लागतं त्याचं हे एक कारण. सकाळी आणलेली कोंबडी मीठ लावून संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवली तर दोन्ही कामं एकदम होतात.

तंदुरी आणि तळलेलं

तंदुरीचा पहिला मसाला म्हणजे ही कोरडी पद्धतच, सोबत लिंबू आणि आलं-लसूण. लेग पीसना हाडाच्या दिशेने दोन-तीन खोल चिरा द्या. 1 किलोला 12 ग्रॅम मीठ, दोन चमचे आलं-लसूण पेस्ट आणि काश्मिरी मिरचीपूड लावून दोन ते चार तास फ्रिजमध्ये ठेवा. लिंबाचा रस शेवटच्या अर्ध्या तासात घाला. आंबट रसात जास्त वेळ राहिलं की वरचा थर पिठूळ होतो. त्यानंतर सुटलेलं पाणी निथळून दुसरा मसाला, चक्का, मोहरीचं तेल, गरम मसाला, कसुरी मेथी, लावायचा, आणि त्यात मीठ घालायचं नाही. बहुतेक पाककृती दोन्ही वेळा ‘चवीनुसार मीठ’ म्हणतात, खारट तंदुरीचं मूळ तिथेच आहे. चक्क्याऐवजी पातळ दही घेतलं तर मसाला गळून ट्रेमध्ये साचतो आणि चिकन भाजण्याऐवजी वाफवलं जातं. ओटीजीमध्ये 220-230 अंशांवर, जाळीवर, 30 ते 35 मिनिटं.

कच्च्या पपईची पेस्ट वापरणाऱ्यांनी ती रात्रभर ठेवू नये. पपईतलं पाचक द्रव्य प्रथिनं तोडतं, मीठ त्यांना सैल करतं, आणि दोन्ही मिळून बाहेरचा थर लगदा होतो. ब्रॉयलरला पपईची गरजच नसते, हे खरं तर आधी सांगायला हवं.

तळायच्या चिकनला ताक उत्तम. अर्धा लिटर घट्टसर ताकात 10 ग्रॅम मीठ, त्यात 600-700 ग्रॅम तुकडे, आठ ते बारा तास फ्रिजमध्ये. ताकाचा आंबटपणा सौम्य असल्याने लिंबासारखा त्रास होत नाही. ताक खूप आंबट झालेलं असेल तर मात्र चार तासांत आटपा. मैदा किंवा कॉर्नफ्लोरमध्ये घोळवण्याआधी ताक निथळू द्या, घोळवल्यावर दहा मिनिटं जाळीवर ठेवा, मग 165 ते 170 अंश तापलेल्या तेलात सोडा. ओलं आवरण सुटून येतं आणि तेल उडतं.

पाकिटातलं चिकन आणि टर्की

गोठवलेल्या किंवा पॅकबंद चिकनचं लेबल वाचल्याशिवाय खारवू नका. घटकांत पाणी, मीठ किंवा फॉस्फेट (आयएनएस 451, 452 अशा आकड्यांनी लिहिलेलं) दिसलं तर कंपनीने ते काम आधीच केलेलं आहे. त्याला फक्त मसाला लावा. गोठलेलं चिकन आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या. बर्फाच्या गाभ्यात मीठ जात नाही, बाहेर खारट आणि मध्ये अळणी असं होतं.

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची (नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या सणाची) टर्की घरी करणाऱ्या मराठी घरांना हाच नियम लागू. तिथल्या अनेक टर्कींना मिठाचं द्रावण टोचलेलं असतं, ते लेबलवर टक्केवारीने लिहितात. कोशर टर्की, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे तयार केलेली, तर मीठ लावूनच येते. या दोन्हींना पुन्हा खारवायचं नाही. साध्या 5 किलोच्या टर्कीला कोरडी पद्धत वापरा: 50 ते 60 ग्रॅम मीठ, दोन दिवस. फ्रिजमध्ये वितळायला दर दोन किलोला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे गुरुवारच्या जेवणासाठी टर्की शनिवारी फ्रीझरमधून बाहेर यायला हवी. बादलीभर पाण्याची पद्धत टर्कीसाठी नकोच, तेवढी बादली कुठल्या फ्रिजमध्ये मावते?

शिजवताना, आणि बिघडलं तर

खारवलेलं चिकन थोडी चूक माफ करतं, अमर्याद नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश दिसले की ब्रेस्ट झाला. लेग पीस 80 ते 85 पर्यंत नेला तर जास्त मऊ लागतो, त्यातल्या संयोजक ऊती त्या तापमानाला विरघळू लागतात. 1.2 किलोच्या अख्ख्या कोंबडीला 200 अंशांवर तासभर ते सत्तर मिनिटं लागतात, मग दहा मिनिटं न कापता ठेवायची.

हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणून परत ओव्हनमध्ये ढकलू नका. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचाच असतो, त्याची हाडं सच्छिद्र असतात आणि मज्जेतला रंग आजूबाजूच्या मांसात उतरतो. तापमान बरोबर असेल तर ते शिजलेलं आहे.

मांस दाबल्यावर स्पंजासारखं उसळत असेल, चावताना हॅमसारखं घट्ट आणि गुळगुळीत लागत असेल, तर जास्त वेळ भिजलं. यावर नंतर इलाज नाही. शिजवण्याआधी शंका आली तर एक छोटा तुकडा कापून तव्यावर भाजून चाखा. खारट निघालं तर उरलेलं चिकन गार साध्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवा आणि मसाल्यातलं मीठ पूर्ण वगळा. शिजल्यावर खारट लागलं तर तुकडे बारीक करून बिनमिठाच्या भातात, उकडलेल्या बटाट्यात किंवा दह्याच्या सॅलडमध्ये मिसळणं एवढंच उरतं.

उलट, आत अळणी लागलं तर बहुधा तुकडे एकमेकांना चिकटून भिजले होते, किंवा वेळ कमी पडला. पुढच्या वेळी मीठ वाढवू नका, वेळ वाढवा.

रक्तदाबाचं पथ्य असणाऱ्यांसाठी हिशोब सोपा आहे. एक टक्का मिठाने खारवलेल्या 200 ग्रॅम चिकनमध्ये सुमारे 2 ग्रॅम मीठ जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा असं सांगते. अशांसाठी अर्धा टक्का मीठ लावून रात्रभर ठेवलं तरी फरक जाणवतो.

ट्रेमध्ये साचलेला रस ग्रेव्हीला वापरणार असाल तर तो आधी चाखा. त्यात मीठ असतंच आणि आटवल्यावर ते वाढत जातं, म्हणून तो बिनमिठाच्या स्टॉकने किंवा पाण्याने सैल करा. उरलेल्या हाडांचा स्टॉक करतानाही मीठ घालू नका.